पायाचा पेला

'चषक' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला तो क्रिकेटमुळे. २५ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला आणि तेव्हापासून चषक म्हणजे जिंकून आणायची, काचेच्या कपाटात ठेवायची आणि वर्षातून एकदा पुसायची वस्तू, असा आपला समज होऊन बसला. मूळ संस्कृतात चषक म्हणजे पिण्याचे भांडे, त्यातही विशेषेकरून मद्याचे. वर वाटी, मध्ये बारीक दांडी आणि खाली पसरट बैठक असे त्याचे रूप आपण सिनेमांत आणि ऐतिहासिक नाटकांत पाहिलेले असते. तो धातूचा असतो, नाहीतर काचेचा. मातीचा चषक म्हटले की ऐकणारा क्षणभर थांबतो.

बुलडाणा जिल्ह्यातल्या अमडापूरला एका कुंभाराच्या अंगणात मी असे मातीचे चषक होताना पाहिले. अमडापूर हे चिखली तालुक्यातले, खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. खामगाव ही चांदीची पेठ. लग्नामुंजीत द्यायचा चांदीचा पेला आमच्या भागातली माणसे तिथूनच आणतात. त्याच रस्त्यावर मातीचा पेला घडत होता. घडवणाऱ्याला 'चषक' हा शब्द ठाऊक होता, पण तो त्याच्या तोंडी नव्हता. तो म्हणायचा, 'पायाचा पेला'. मला हे नाव अधिक पटले, कारण या वस्तूतली सगळी अडचण आणि सगळी कारागिरी त्या पायातच आहे.

या कुंभाराचे नाव मी लिहीत नाही, कारण ते स्वतःच नको म्हणाले. गावात त्यांना सगळे 'दादा' म्हणतात, मीही म्हणतो. आमची ओळख १९८६ च्या सुमाराची. मी तेव्हा या जिल्ह्यात बँकेच्या एका शाखेत होतो आणि दादांच्या कर्जाचा कागद माझ्या टेबलावर आला होता. त्याविषयी पुढे सांगतो. दादा आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत आणि मला अजून 'सायेब'च म्हणतात. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या सुनेच्या भावाने पुण्याच्या एका उपाहारगृहाची मागणी आणली. मठ्ठा आणि पन्हे द्यायला मातीचे दोनशे चषक हवे होते. फोनवर फोटो पाठवला होता. दादांनी फोटो लांब धरून पाहिला आणि विचारले, "हे हुबं राह्यते का पन?"

गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत कुंभार एक. त्याचे वर्ष सणांनी मोजलेले असते. संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात माठ आणि रांजण, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने भरायची घागर, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. लग्नात बोहल्याशी त्याची मडकी असतात आणि शेवटच्या वाटेवर पुढे धरलेले मडकेही त्याच्याच चाकावरचे. एवढ्या यादीत चषक कुठेच नाही. त्यामुळे ही काहीतरी परदेशी, हौसेची मागणी आहे असे वाटणे साहजिक होते. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले.

पण मातीचा इतिहास वेगळे सांगतो. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत निमुळत्या, टोकदार बुडाचे मातीचे पेले ढिगांनी सापडले आहेत. एकदा पिऊन टाकून द्यायचे ते पेले असावेत, असे अभ्यासकांना वाटते. नर्मदाकाठी महेश्वरच्या समोर नावडातोली इथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. तिथल्या माळवा संस्कृतीच्या रंगीत भांड्यांत बैठक असलेले, म्हणजे अगदी पायाचे पेले आहेत. हे सारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. तीच माळवा संस्कृती पुढे महाराष्ट्रात उतरली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठच्या इनामगावला तिचे घरसंसार मिळाले आणि कुंभाराची भट्टीही मिळाली. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचेच उदाहरण द्यायचे तर संग्रामपूर तालुक्यात भोण इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात स्तूपाच्या अवशेषांबरोबर भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या. चाक, माती आणि आवा ही आपल्याकडची फार जुनी मंडळी आहेत. दादांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग आमीच इसरलो म्हना की."

आता पेला कसा होतो ते सांगतो.

सुरुवात मातीपासून. वऱ्हाडातली काळी माती कापसाला चांगली, कुंभाराला तापदायक. पाण्याने ती फुगते आणि उन्हाने भेगाळते. नुसत्या काळ्या मातीचे भांडे वाळतानाच तडकते. म्हणून तलावाच्या काठचा बारीक गाळ आणायचा, त्यात दुसरी भुरकट माती मिसळायची, चाळलेली राख आणि लीद घालायची. राख आणि लीद मातीचा हट्ट मोडतात, तिला सच्छिद्र करतात, म्हणजे आतली ओल बाहेर यायला वाट मिळते. दुसरा शत्रू म्हणजे चुनखडीचा खडा. आमच्या जमिनीत तो सगळीकडे. ज्वारीएवढा खडा जरी राहिला तरी भट्टीत त्याचा चुना होतो, नंतर हवेतली ओल शोषून तो फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा टवका आठ दिवसांनी उडतो. गिऱ्हाईक म्हणते, भांडे कच्चे होते. म्हणून माती वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची आणि मग पायांनी तुडवायची. तुडवताना तळपायाला खडा लागला की तो काढून टाकायचा. हे सगळे काम दादांच्या घरी वहिनी करतात, म्हणजे दादांची पत्नी. आता गुडघे दुखतात म्हणून सून करते.

'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच' अशी आपल्याकडे म्हण आहे. राखेसाठी, जळणासाठी कुंभाराच्या घरच्या बाईला उकिरड्यावर जावे लागतेच, आज ना उद्या ती दिसेलच, असा तिचा अर्थ. म्हणीतही बाई उकिरड्यावर आहे, चाकावर नाही. चाकावर पुरुषानेच बसायचे हा पुष्कळ कुंभारवाड्यांतला जुना रिवाज. माती बाईची, थापटणे बाईचे, रंग बाईचा, बाजारात टोपली बाईची, पण चाक पुरुषाचे.

दादांचे जुने चाक जड आहे. कडेच्या खाचेत दांडा घालून त्याला गरगर फिरवायचे, दांडा बाजूला टाकायचा आणि चाकाचा वेग आहे तोवर काम उरकायचे. वेग ओसरला की पुन्हा दांडा. मोठा गोळा मधोमध बसवून त्याच्या शेंड्यावरूनच एकामागून एक लहान भांडी काढतात. पणत्या अशाच निघतात, पेल्याची वाटीही अशीच. ओल्या हाताने शेंडा सारखा करायचा, अंगठा आत घालायचा, आतली बोटे आणि बाहेरची बोटे यांच्यामध्ये मातीची भिंत वर खेचायची, ओल्या फडक्याने ओठ गुळगुळीत करायचा आणि दोऱ्याने कापून उचलायची. बघता बघता वाटी होते. इथपर्यंत दादांना काहीच अवघड नव्हते.

अडले ते पायाशी. पहिल्या दिवशी त्यांनी वाटी आणि दांडी एकाच गोळ्यातून काढायचा प्रयत्न केला. ओली दांडी बारीक करायला जावे तर मातीला पीळ पडतो आणि वरची वाटी आपल्याच वजनाने मान टाकते. दांडी जाड ठेवली तर पेला उभा राहतो, पण भरीव जाड माती आतून वाळत नाही. भट्टीत त्या अडकलेल्या ओलीची वाफ होते आणि पाय फटकन फुटतो. दादांनी दोन दिवस हे करून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटी वेगळी आणि पाय वेगळा करायला घेतला.

पाय करायचा तो उलटा. चाकावर तो लहानशा घंटेसारखा दिसतो, तोंड रुंद आणि वरचा भाग निमुळता, आतून पोकळ. वाट्या एका फळीवर आणि पाय दुसऱ्या फळीवर. मग थांबायचे. माती ओली असताना जोडली तर दबते, कोरडी झाल्यावर जोडली तर धरत नाही. या दोहोंच्या मध्ये एक वेळ असते. माती तेव्हा कमावलेल्या चामड्यासारखी असते, बोट लावले तर ठसा उमटत नाही, नख लावले तर रेघ उमटते. उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन तासांत येते आणि निघून जाते, थंडीत तिच्यासाठी एक दिवस बसावे लागते. वाटीचा ओठ पातळ, तो लवकर वाळतो. पाय जाड, तो मागे राहतो. म्हणून वाट्यांवर ओले गोणपाट टाकायचे आणि पाय उघडे ठेवायचे. दर थोड्या वेळाने उठून दोन्हींना नख लावून पाहायचे.

मी त्यांना विचारले, "दादा, नेमकं काय पाहता?"

"वल सारकी झाली का, ते पाह्यतो. एक वली अन् दुसरी कोरडी असली का जोड आज दिसते, उद्या सुटते. दोघीची वल सारकी पाह्यजे, सायेब. मंग ते एकमेकीले सोडत नाईत."

याचे कारण शास्त्रातही तेच आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते. ठोकळमानाने तिचा दहावा हिस्सा कमी होतो. दोन तुकड्यांची ओल सारखी असेल तर ते बरोबरीने आकसतात. एक आधीच आकसून बसलेला आणि दुसरा अजून आकसायचा, अशी स्थिती असली की ताण सगळा सांध्यावर येतो आणि तिथे केसासारखी चीर जाते. लगदा कितीही चांगला लावा, ती चीर थांबत नाही.

वेळ आली की वाटी चाकावर पालथी ठेवतात आणि मधोमध बसवतात. तिच्या बुडाला काडीने ओरखडे काढतात, पायाच्या टोकालाही काढतात, मातीचा दाटसर लगदा लावून पाय वर दाबून बसवतात. मग चाक हळू फिरवून सांध्याभोवती मातीची बारीक वात गुंडाळतात आणि ओल्या बोटाने ती जिरवतात. चाक थांबल्यावर सांधा कुठे होता ते सांगता येत नाही. मग पेले फळीवर पालथेच ठेवायचे, सावलीत, वारा लागणार नाही असे. आठवडाभर तरी त्यांना ऊन दाखवायचे नाही. पुरते वाळले की गेरूचे पाणी द्यायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे.

शेवटी आवा. खाली गोवऱ्या, मध्ये भांडी, फटींतून पऱ्हाट्या आणि सोयाबीनचे कुटार, वरून राखेचा आणि मातीचा थर. आग आधी मंद ठेवायची, कारण मातीत उरलेले पाणी सावकाश गेले पाहिजे. मग जाळ वाढवायचा. सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा कधी पाण्यात विरघळत नाही. गावठी आव्यात उष्णता सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जाते. ती मोजायला दादांकडे यंत्र नाही. फटीतून दिसणारा लाल रंग पाहून ते सांगतात. आवा निवायच्या आत उघडायचा नाही, हा शेवटचा संयम. पहिल्या खेपेला वीस पेले भाजले, अकरा चांगले निघाले. उरलेल्या नवांपैकी सहा सांध्यावर तडकले होते. दादांनी प्रत्येक फुटका पेला हातात घेऊन चीर पाहिली. "या वाट्या कोरड्या झाल्या होत्या. माहं लक्ष गेलं होतं तिकडं," एवढेच म्हणाले.

अकरा पेले त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. पक्के भांडे ठणठणीत वाजते, चिरलेले बद्द वाजते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कुंभाराच्या रोजच्या कामातून आली आहे, हे अशा अंगणात बसल्यावर पटते.

आता कर्जाच्या कागदाविषयी. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या गटांत सुरू झाला होता. गरीब कुटुंबाला उत्पन्नाचे साधन घेऊन द्यायचे, काही भाग सरकारी अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. ग्रामीण कारागिराला एक तृतीयांश अनुदान मिळे. यादी वरून येई. शेळ्या, म्हशी, शिलाई यंत्रे यांच्या गर्दीत क्वचित एखादा कुंभार असे. दादांना चाक आणि गाढव यांसाठी कर्ज मिळाले. त्यांनी ते फेडलेही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण त्या काळातल्या वसुलीची स्थिती जुन्या बँकवाल्यांना ठाऊक आहे. पण कर्जाच्या त्या अर्जात काही गोष्टींना रकानाच नव्हता. माती कुठून येणार, हा रकाना नव्हता. जळण किती महाग झाले, हा नव्हता. माल कोण घेणार, या प्रश्नापुढे 'स्थानिक बाजार' असे दोन शब्द लिहिले जात. आणि अर्जावर एकच नाव होते. माती चाळणाऱ्या, तुडवणाऱ्या, थापटणाऱ्या वहिनींचे नाव कुठेच नव्हते.

दरम्यान तो स्थानिक बाजारच निघून चालला होता. पाणी भरायला प्लॅस्टिकच्या घागरी आल्या, स्वयंपाकाला स्टील आणि हिंडालियम आले, चहाला कागदी आणि प्लॅस्टिकचे कप आले, आणि पुढे शीतकपाट गावातही पोचले. दादांकडे नवे चाक होते आणि माठ घेणारी घरे दरवर्षी कमी होत होती. त्यांच्या मुलाने शाळा सोडली तेव्हा चाकाकडे पाहिलेही नाही. तो आज चिखलीत एका व्यापाऱ्याची मालगाडी चालवतो. मी त्याला दोष देत नाही. महिन्याचा पगार ठरलेला असतो, आव्यात काय निघेल ते ठरलेले नसते.

मग वारे फिरले. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर कुल्हडमधून चहा द्यायची घोषणा केली. ती फार टिकली नाही, पण मातीच्या पेल्याची चर्चा झाली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात एकदा वापरायच्या प्लॅस्टिकवर आणि थर्मोकोलच्या भांड्यांवर बंदी आली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने कुंभारांना विजेची चाके द्यायची योजना काढली. शहरांतल्या उपाहारगृहांना मातीची भांडी शोभिवंत वाटू लागली. म्हणजे गिऱ्हाईक परत येऊ लागले, तेव्हा चाकावर बसणारे हात पुष्कळ ठिकाणी उरले नव्हते. मातीचेही तसेच. २०१८ साली आमच्या जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने तलावांतला आणि धरणांतला गाळ यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर काढला गेला. काम चांगले, पाणी साठले, शेतांत सुपीक माती गेली. त्या गाळात कुंभाराची चार गाड्या माती राखून ठेवावी, असे ठरवणारे कोणी असते तर बरे झाले असते. दादांचे शब्द घेऊन सांगायचे तर वाटी ओली होती तेव्हा पाय कोरडा होता, आणि पाय ओला झाला तेव्हा वाटी वाळून गेली होती.

दादांच्या घरी मात्र थोडी ओल शिल्लक निघाली, आणि ती सुनेकडे. तिचे माहेर मेहकर तालुक्यातले, तेही कुंभाराचेच. अकोल्याच्या एका नातेवाइकाने धंदा सोडला, तेव्हा त्याचे विजेचे चाक दादांनी दोन वर्षांपूर्वी विकत घेतले. त्याला दांडा नाही, जोर नाही, पायाने कळ दाबली की फिरते. सून आधी त्यावर दुपारी, सगळे झोपले असताना बसायची. वहिनींना ठाऊक होते, त्या बोलल्या नाहीत. दादांना फळीवरच्या पणत्या पाहून कळले. पणतीची चोच त्यांच्या बोटाची नव्हती. ते काही रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गोळा मधोमध कसा आणायचा ते पुन्हा नीट दाखवले. पुण्याच्या दोनशे पेल्यांतले पाय बहुतेक तिने केले. वाट्या दादांच्या, पाय तिचे, आणि जोडताना नख लावून ओल पाहायला दोघे.

यातून घरात एक प्रश्न उभा राहिला, आणि त्यासाठीच मला बोलावणे आले होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींमध्ये कुंभारकाम आहे. काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, आणि विनातारण कर्ज, पहिले एक लाखापर्यंत, ते फेडले की दुसरे दोन लाखांपर्यंत, व्याज पाच टक्के. माझ्या वेळच्या योजनांपेक्षा ही पुष्कळ सुटसुटीत. पण अट अशी, की एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. म्हणजे मुलगा किंवा सून. दादांचे कुटुंब वेगळे धरले जाईल, त्यांना स्वतःला अर्ज करता आला असता. ते म्हणाले, "या वयात मी कायले हप्ते भरू?"

मुलगा म्हणाला, अर्ज माझ्या नावाने करू. घर त्याचे, आडनाव त्याचे, कुंभाराचा मुलगा म्हणून गावात ओळख त्याची. ग्रामपंचायतीत पडताळणी होते, तिथे बायकोचे नाव पाहून लोक काय म्हणतील, हेही त्याच्या मनात होते. त्यात वाईट हेतू नव्हता. सगळीकडे असेच होते, म्हणून त्याला ते सरळ वाटत होते.

नोंदणी बोटाच्या ठशावर होते. गावातल्या सेवा केंद्रात तिघेही गेले, मीही गेलो. सहज म्हणून केंद्रातल्या मुलाने दादांचे बोट यंत्रावर ठेवून पाहिले. ठसा उमटला नाही. साठ वर्षे ओल्या मातीने बोटांच्या रेषा घासून नेल्या आहेत. रेशनच्या दुकानातही त्यांना हाच त्रास होतो. मुलाचे बोट ठेवले, पहिल्या खेपेला हिरवा दिवा लागला. सुनेचे बोट दोनदा नाकारले गेले, हात धुऊन, पुसून, तिसऱ्यांदा जमले. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने दादा मुलाला म्हणाले, "तुहं बोट कोरं हाय, बापू. तिचं पाह्य. चाकावर जे बसते, त्याचं नाव लिही."

मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "लिहा तिचंच." केंद्रातल्या मुलाने विचारले, "व्यवसाय काय लिहू, ताई?" आपल्या भाषेत कुंभारीण म्हणजे बहुधा कुंभाराची बायको. ती म्हणाली, "कुंभार."

अर्ज ग्रामपंचायतीच्या पडताळणीतून पुढे जिल्ह्याच्या समितीकडे गेला आहे. मंजूर होईल की नाही, हे मी हा लेख लिहीपर्यंत कळलेले नाही. कर्ज मिळालेच तर त्यातून माती चाळायचे यंत्र घ्यायचे आणि पावसाळ्यात काम चालावे म्हणून पत्र्याची शेड घालायची, असा तिचा विचार आहे. पुण्याला दोनशे पेले गेले. नगाला साठ रुपये ठरले होते. त्यातून जळण, बांधणीचे तणीस आणि वाहतूक वजा जाता हातात किती राहिले, याचा हिशेब तिने वहीत मांडला आहे. मी तो पाहिला. फार नाही, पण हिशेब चोख आहे. उपाहारगृहाने आणखी शंभर मागवले आहेत. मात्र पुढच्या वर्षी त्यांची आवड बदलली तर काय, हा प्रश्न तिने मलाच विचारला. माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. सुगडी, माठ आणि पणत्या सोडू नकोस, एवढे मी तिला सांगितले. मागणी शहराची असो, धंदा गावाच्या सणांवर उभा असावा, असे मला वाटते.

असा पेला कोणाच्या घरी आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिल्यांदा वापरण्याआधी तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे माती तृप्त होते आणि पहिले पेय शोषून घेत नाही. साबण लावू नये, कारण माती तोही पिते. गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथा घालावा. आणि विकत घेताना सांध्याजवळ बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहावा. आवाज ठणठणीत आला, तर दोन्ही तुकड्यांची ओल सारखी असताना तो जोडला गेला आहे असे समजावे.